मेरिटमध्ये आलेला सकर

लातुरात मी एकतीस वर्षं पीएच शिकवला. आम्ल, अल्क, बफर, लिटमस, सगळं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज गावोगावी दवाखाने टाकून बसली आहेत आणि त्यातली दोघं-तिघं माझंच ब्लडप्रेशर तपासून मलाच मीठ कमी करायला सांगतात. तेव्हा पुढची हकीकत सांगताना मला लाज वाटते, हे आधीच कबूल करून टाकतो. साडेतीन फुटी काचेच्या पेटीतल्या पाण्यानं मला नापास केलं, आणि पेपर माझ्याच विषयाचा होता.

पेटी माझी नव्हे, तनुजाची. तनुजा माझी एकुलती एक मुलगी. बारावीला ती आमच्याच क्लासात पहिल्या बेंचवर बसायची. बसवंत सरांची मुलगी म्हणून सगळ्या पोरांचे डोळे तिच्या मार्कांवर. माझे नियम बाहेर प्रसिद्ध होते, घरात तर काय, राज्यच माझं. पन्नास प्रश्न सुटल्याशिवाय रात्रीचं ताट वाढायचं नाही, हा त्यातला एक. भरल्या पोटी डोकं पेंगतं, असं मी पालकसभेत ठासून सांगायचो आणि पालक माना डोलवायचे. तनुजाला नीटला चारशे त्र्याऐंशी पडले. मी म्हणालो, रिपीट कर. ती म्हणाली, न्हाई. आणि उदगीरला जाऊन मत्स्यविज्ञानाला नाव घालून आली.

गळ्यात लिंग घालणारं आमचं घर. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, आणि पोरगी माशांची डिग्री घेणार! लोकांनी विचारलं की मी "सायन्सलाच आहे, उदगीरला" एवढं सांगायचो आणि विषय नळाच्या पाण्याकडे वळवायचो. लातुरात तो विषय कधीही वळवता येतो.

पण दोन वर्षांपूर्वी एकदा तोंडातून निसटलं. शिरूर अनंतपाळचे व्यंकटराव पेढे घेऊन आले होते, त्यांचा मुलगा एमबीबीएसला लागला म्हणून. त्यांनी साधेपणानं तनुजाची चौकशी केली. मी हसत म्हणालो, "ती? ती मासे विकायचं शिकून राहिली." तनुजा तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होती. चहा तिनंच बाहेर आणून दिला, कपबशी जरासुद्धा वाजली नाही. त्या दिवसापासून ती घरी फोन करते तो आईच्या मोबाईलवर. घरी आली की माझ्याशी बोलते ते "जेवण वाढलंय" आणि "निघते" एवढंच.

यंदा शेवटच्या वर्षाला तिला रत्नागिरीला कोळंबीच्या केंद्रात दोन महिने ट्रेनिंग लागलं. हॉस्टेलची खोली सोडायची होती म्हणून पेटी घरी आली. आत दोन एंजलफिश. चपटे, उभट, पंख वरखाली लांब सुटलेले, रुपेरी अंगावर काळे पट्टे. पेटीत तळाला रेती, एका कोपऱ्यात तिरकं टेकवून ठेवलेला जुन्या कौलाचा तुकडा, आणि पाण्यात चक्क बदामाचं वाळकं पान. पाण्याला चहासारखा फिकट रंग आलेला. मला आधी वाटलं, पोरगी पेटी धुवायची विसरली.

जाताना तिनं फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली, आईच्या नावानं. 'आई, पाणी बदलताना जारचं तीन भाग, बोअरचं एक भाग. बदामाचं पान काळं पडलं की नवीन टाक. दिवसातून दोनदा चिमूटभर खाणं. कौलावर काही दिसलं तर लगेच मला फोन कर. नवीन काहीही आत टाकायचं नाही. पप्पांना हात लावू देऊ नको.'

शेवटची ओळ वाचून माझं टाळकं सणकलं. म्हणजे एकतीस वर्षं ज्यानं द्रावणं शिकवली, त्यानं पाण्याला हात लावायचा नाही!

"एवढं काय आहे त्या दोन माशांत?" मी बायकोला विचारलं.

"तुमाला सांगून काय उपेग?" ती म्हणाली, पण सांगितलं. "बटनाएवढे होते तवापासून पोरीनं सांभाळलेत. आता जोडी जमली हाय त्यांची. लातूरच्या पाण्यात त्यांनी अंडी घातली, आन् पिल्लं जगली, तर ती आपल्या गच्चीवर टाक्या मांडून हितंच काम सुरू करणार हाय. न्हाई घातली तर रत्नागिरीवाले नोकरी देऊन राहिलेत. मग तिकडंच."

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि तीच ओळ चार वेळा वाचली. मला ती घरी यायला हवी होती. हे तेव्हा मी कुणापाशी बोललो नाही, पण आता सांगायला हरकत नाही. क्लासवाल्यांनी गेल्या जूनमध्ये माझी सगळी लेक्चरं कॅमेऱ्यात भरून घेतली आणि मला हार घालून मोकळं केलं. तेव्हापासून मी सकाळी दाढी करून बसतो आणि दहा वाजता लक्षात येतं की कुठंच जायचं नाही.

म्हणून मी ठरवलं, मदत करायची. बायको आंघोळीला गेली की मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचो. जुन्या डब्यातून पीएचचे कागद काढले, एक बुडवला. साडेसहा. आमच्या बोअरचं पाणी आठच्या पुढं, बादलीला पांढरी पुटं चढवणारं. त्याला पोरीनं जारच्या फिल्टरच्या पाण्यानं आणि एका पानानं साडेसहावर आणून बसवलं होतं. एंजल मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले, त्यांना असंच मऊ, किंचित आंबट पाणी लागतं, हे मी मोबाईलवर वाचलं. मनात म्हणालो, पोरीला येतंय की. तोंडानं म्हणालो असतो तर बरं झालं असतं, पण ऐकायला समोर कुणी नव्हतं.

दोष मला दिसला तो तळाशी. खाण्याचे कण रेतीत पडून राहत होते, काचेवर हिरवट थर येत होता. अंडी घालायच्या वेळी पेटी कशी लख्ख पाहिजे! त्याला उपाय म्हणजे कॅटफिश, आपल्या मांगूराच्या गोतावळ्यातले मिशाळ मासे. तळ साफ करतात, काच चाटतात. चिठ्ठीत 'नवीन काही टाकायचं नाही' असं होतं खरं, पण मी स्वतःची समजूत घातली की ते साबण, सोडा, कुंकू असल्या वस्तूंबद्दल असेल.

आता कॅटफिश निवडायचा तर तो लातूरच्या पद्धतीनं. मी दोनशे पानी वही काढली आणि रकाने आखले. आंबट पाणी सोसतो का? स्वभाव कसा? एंजलचं पिल्लू तोंडात मावतं का? उमेदवार चार. सिनोडोंटिस नावाचा एक आफ्रिकेच्या तळ्यांतला, त्याला कडक अल्कधर्मी पाणी लागतं. आमच्या बोअरच्या हौदात तो सुखानं नांदला असता, पेटीसाठी बाद. पिक्टस दिसायला देखणा, पण लहान मासे गिळतो, बाद. सकर काच उत्तम चाटतो, पण वाढून फूटभर होतो, एकसष्ट मार्क. आणि कोरी, अंगठ्याएवढा, शांत, आंबट पाण्यात खूश, तळाचं वेचून खाणारा. ब्याण्णव. मेरिट लिस्ट लागली, कोरी पहिला.

लेखी परीक्षेचा हा निकाल शंभर टक्के बरोबर होता, हे मला आवर्जून नोंदवायचंय. वाट लागली ती तोंडी परीक्षेत.

लातुरात कोरी मिळाला नाही. शिवाय माशांच्या दुकानात मला एखाद्या जुन्या पालकानं पाहिलं असतं तर नाक कापलं गेलं असतं. म्हणून बायकोला "नांदेडला एका मित्राला भेटून येतो" सांगितलं आणि सकाळच्या एसटीनं निघालो. जाताना तिचा मोठा स्टीलचा डबा पिशवीत घातला. नांदेडला वजिराबादच्या मागच्या एका गल्लीत मुनीब नावाच्या माणसाचं दुकान होतं. तिशीतला, चष्मेवाला, गळ्यात टॉवेल. दुकानात चाळीसेक पेट्या आणि सगळीकडे पाण्याची गुडगुड.

मी वही उघडून कोरी मागितला. त्यानं खालच्या पेटीकडे बोट केलं. एका झाडामागे सहा कोरी एकमेकांना चिकटून बसले होते. मी तोंड जवळ नेलं तसे सहाच्या सहा मागे सरकले.

"एक द्या. सगळ्यात हुशार असेल तो," मी म्हणालो.

"एक न्हाई सर, सहा घ्या," मुनीब म्हणाला. "जमातीनं राहणारं जनावर हाय ते. एकटं ठेवलं की कोपऱ्यात बसतंय, खाणं सोडतंय."

हे मला पटलं नाही. गर्दीत अभ्यास होत नाही, यावर माझी सगळी कारकीर्द उभी. मी म्हणालो, "खाणं टाका बरं थोडं." त्यानं एक गोळी टाकली. कोरी आपापसांत टकरा घेत, थांबत, पुन्हा एकमेकांची वाट बघत निघाले. तेवढ्यात त्याच पेटीच्या काचेवरून बोटभर लांबीचा एक काळा, काटेरी मासा सरसर खाली उतरला, कोरींना शेपटीनं बाजूला सारलं आणि गोळीवर जाऊन बसला. गोळी संपवली आणि लगेच काच चाटायला लागला. एक सेकंद वाया नाही. असा विद्यार्थी दिसला की मास्तरचे डोळे भरून येतात.

"हा कोण?"

"सकर हाय सर. पण एंजलसंगं कोरीच बरा."

"सहा जण मिळून जे करतील ते हा एकटा करील."

"करील की," मुनीबनं टॉवेलनं हात पुसले. "पण ह्याचं पोट भरलेलं पायजे बगा. रोज काकडीचा तुकडा द्या. उपाशी ऱ्हायला तर एंजलच्या अंगावर जातोय. चपटं अंग असतंय ना, चिकटायला सोयीचं पडतंय त्याला. म्हणून म्हणतोय, कोरी न्या."

मी मान डोलवली. माझ्या क्लासात शेवटच्या बेंचवरची पोरं जशी डोलवायची, तशीच. एकसष्ट मार्कांचा सकर मी हातोहात पहिला केला आणि डब्यात घालून निघालो.

परतीच्या एसटीत अहमदपूरला एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला डबा, झाकण किंचित किलकिलं. "काय हाय सर डब्यात?" त्यांनी विचारलं. "धपाटे," मी म्हणालो. लातूर येईपर्यंत ते बिचारे डब्याकडे बघत होते, आणि मी झाकण उघडत नाही म्हणून शेवटी तोंड फिरवून बसले. कंजूष म्हणून माझी कीर्ती आता अहमदपूरपर्यंत पोचली असेल.

घरी आल्यावर बायकोनं सकर पाहिला. "चिठ्ठीत लिवलंय ना, नवीन काई टाकायचं न्हाई."

"हे नवीन काही नव्हे. हा सफाई कामगार आहे."

"तुमी आन् तुमचं डोकं," ती म्हणाली. "पोरीला मी सांगणार न्हाई. तुमीच सांगा." दुसऱ्या दिवशी ती बहिणीच्या नातवाच्या बारशाला औशाला गेली, तीन दिवसांसाठी. फ्रिज, चिठ्ठी आणि पेटी माझ्या ताब्यात.

काकडी घरात होती. दिली नाही. माझा हिशेब सरळ होता: आयतं खायला मिळालं तर हा काच कशाला चाटेल? भुकेला राहू दे, जास्त काम करील. एंजलना मी चिमूट-चिमूट टाकायचो, ते वरच्या वरच संपवायचे. सकर दिवसभर काचेवर फिरायचा. पहिल्या दिवशी पुढची काच लख्ख. दुसऱ्या दिवशी बाजूच्या दोन्ही. मी वहीत त्याला रोज मार्क देत होतो, ते दहापैकी साडेनऊच्या खाली गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कौलाच्या तुकड्यावर बारीक ठिपके दिसले. खसखशीएवढे, पिवळसर, एकाखाली एक अशा ओळींत. दोन्ही एंजल त्यापुढं उभे राहून पंख हलवत होते. मी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि निदान केलं: क्षार. लातूरच्या माणसाला पांढरा-पिवळा ठिपका दिसला की दुसरं काही सुचत नाही. नळाच्या तोटीवर क्षार, बादलीला क्षार, चहाच्या पातेल्यात क्षार, तसे कौलावर क्षार. माशाची अंडी म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं निदान साबुदाण्याएवढी, रेतीत पुरलेली वगैरे. सात पिढ्यांत आमच्यात कुणी पाहिलेली असतील तर ना! चिठ्ठीतली कौलाची ओळ मला आठवली, पण क्षारासाठी पोरीला फोन करायचा म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं. हे काम सकरचं, असं म्हणून मी दिवा घालवला.

सकाळी कौल स्वच्छ. एक ठिपका शिल्लक नाही. मी वहीत सकरला दहापैकी दहा दिले आणि मग माझं लक्ष मोठ्या एंजलकडे गेलं, तो जोडीतला नर. त्याच्या एका अंगावर रुपयाएवढा पांढुरका ओरखडा, खवले गेलेले, वरचा पंख फाटका. तो कौलापुढंच उभा होता, मोकळ्या कौलापुढं, आणि अजून पंख हलवत होता.

मुनीबनं सांगितलेलं तेव्हा तरी आठवायला पाहिजे होतं. नाही आठवलं. आठवलं ते रसायनशास्त्र. आम्लाच्या पाण्यानं कातडी भाजली, असं माझ्या विद्वान डोक्यानं ठरवलं. आम्लाला उतारा काय? अल्क. स्वयंपाकघरात खायचा सोडा होता. तीन चमचे टाकले, भजी करताना टाकतात तेवढ्याच बेफिकिरीनं. पीएचचा कागद बुडवला तर आठच्या पुढं. मी समाधानानं चहा ठेवायला गेलो.

चहा उकळून येईपर्यंत दोन्ही एंजल पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मादी एका कुशीवर कलली होती. मी पेटीला दोन्ही हात लावून उभा राहिलो.

बायकोला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी हितनं काय करू? तिला लावा फोन. आत्ता." आणि ठेवून दिला.

मी तनुजाचा नंबर लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"आईला काय झालं?"

माझ्या नंबरवरून फोन आला म्हणजे घरात कुणी तरी आजारी असणार, हे तिनं धरूनच चाललं होतं.

"आई बरी आहे. औशाला गेलीय. तनू, मासे..."

"कुणी हात लावला?"

"मी."

पलीकडं कोळंबीच्या टाक्यांवरच्या मोटारींची घरघर ऐकू येत होती. "सांगा," ती म्हणाली.

मी सगळं क्रमानं सांगितलं. वही, नांदेड, सकर, काकडी न दिलेली, पांढरा ओरखडा, सोडा. तोंडी परीक्षेला न वाचता आलेल्या पोराचा आवाज जसा होतो, तसा माझा झाला होता. शेवटी काही तरी चांगलं सांगावं म्हणून मी म्हणालो, "कौलावर क्षार बसले होते, ते मात्र त्यानं साफ केले."

"कसले क्षार?"

"बारीक ठिपके. पिवळसर. ओळीत."

घरघर कमी झाली, ती मोटारींपासून लांब गेली असावी. मग म्हणाली, "किती ओळी होत्या?"

"सात. आठ असतील."

"पप्पा, ती अंडी होती."

मी खुर्चीवर बसलो. नर रात्रभर कशाच्या राखणीला उभा होता आणि त्याचं अंग कशानं सोललं, ते सगळं मला एकदम कळलं. ज्या अंड्यांसाठी ती लातूरला परत येणार होती, ती मी पाळलेल्या टॉपरला उपाशी ठेवून खाऊ घातली होती.

"आता रडू नका," ती म्हणाली. मी रडत होतो हे तिला कसं कळलं कुणास ठाऊक. "सकर आधी बाहेर काढा. बादलीत त्याच पेटीतलं पाणी घ्या आन् त्यात सोडा त्याला. पीएच किती?"

"आठच्या पुढं."

"आठला पाण्यातल्या घाणीच्या अमोनियमचं काय होतंय?"

"अमोनिया," मी म्हणालो.

"मग?"

"विषारी."

"हाव. बारावीलाच शिकवलं होतं तुमी." तिचा आवाज जरा चिरकला, पण पुढची वाक्यं पुन्हा सरळ आली. "एकदम सगळं पाणी बदलायचं न्हाई, धसक्यानं मरतील. जारचं पाणी, तासाला एक बादली काढायची, एक घालायची. दर बादलीला मला पीएच सांगायचा. बदामाची दोन पानं टाका. खाणं बंद. आन् डोकं चालवायचं न्हाई, पप्पा. मी सांगते तेवढंच करायचं."

त्या दिवशी मी बजरंगच्या पाण्याच्या प्लांटवरून स्कुटीवर पायांपाशी एकेक ठेवून पाच जार आणले. "सर, पावणे आले का?" बजरंगनं विचारलं. "हाव," मी म्हणालो, "लई लांबून." बदामाची पानं गोळा करायला जवळच्या शाळेच्या आवारात वाकलो होतो तेव्हा दोन पालक गाडी थांबवून माझ्याकडे बघत होते. बघू देत म्हटलं. दर तासाला मी बादली काढत होतो, घालत होतो आणि आकडा पाठवत होतो. सात पूर्णांक आठ. सात पूर्णांक सहा. पलीकडून उत्तर यायचं, 'ठीक'. तिच्या हातचा तो 'ठीक' मी इतक्यांदा वाचला की बॅटरी उतरली. अंधार पडताना पीएच सातवर आला आणि मादी सरळ झाली.

फोननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तनुजा स्वतःच आली, दोन दिवसांची सुट्टी काढून. बायको आदल्या दिवशीच परतली होती. पोरीनं बॅगही खाली ठेवली नाही, पेटीपुढं उकिडवी बसली. नराच्या ओरखड्यावर नवी पातळ कातडी धरत होती. दोघं शेजारीशेजारी होते. ती बघत राहिली आणि मी दारात उभा राहिलो, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहायची तसा.

"सकर कुठाय?"

मी निळी बादली दाखवली. तिनं बादलीत वाकून पाहिलं. "ह्याला उपाशी कशापायी ठेवलं?"

"भुकेला राहिला तर जास्त काम करील, असं वाटलं मला."

"हाव," ती म्हणाली. बादलीतच बघत होती. "मला माहीत हाय."

स्वयंपाकघरात बायकोचं लाटणं थांबलं. पन्नास प्रश्न, झाकून ठेवलेलं ताट, सत्तेचाळीसवर अडलेली पोर आणि घड्याळात अकरा. सगळं माझ्यापुढं येऊन उभं राहिलं. तेव्हा बायको मागच्या दारानं तिला चपातीचा लाडू देऊन यायची, हेही मला माहीत होतं, आणि त्यावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं.

"चुकलं माझं, तनू," मी म्हणालो.

"माशांचं?"

"तुझंही. आणि व्यंकटरावांपुढं बोललो ते तर फारच. तुला जे येतं त्यातलं मला काही येत नाही. माझ्या विषयातलंसुद्धा तुलाच जास्त येतं."

तिनं मान वर केली नाही. उठली, फ्रिजमधून काकडी काढली, चकती कापली आणि बादलीत सोडली. सकर तिच्यावर असा तुटून पडला की पाणी बाहेर उडालं. आम्ही तिघंही बघत राहिलो. चकतीचं साल तेवढं उरलं तेव्हा तिनं दुसरी टाकली.

"आता ती पुन्हा अंडी..." मी विचारायला लागलो.

"घालतील. वेळ लागंल. ह्या पाण्यात घातली एवढं तर कळलं. तेच कळत नव्हतं दीड वर्ष." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "ओळी नीट मोजल्या होत्या ना? आठ?"

"आठ. आणि सगळ्या सरळ."

तिच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं.

"कोरी आणू का नांदेडहून?" मी विचारलं. "मुनीब सांगत होता."

"पिल्लं मोठी झाल्यावर बघू. आणायचेच तर सहा आणा. एकटा आणू नका."

रत्नागिरीचं तिनं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली. मला म्हणाली, "निघते." तेवढंच, नेहमीसारखं. मी फाटक लावून आत आलो. सकरची बादली काढून तिनं त्याच्यासाठी जुना टब मांडून ठेवला होता. फ्रिजवरची जुनी चिठ्ठी गेली होती, नवी लागली होती. मी चष्मा लावला.

सुरुवातीला 'आई' लिहून पुढं स्वल्पविराम देऊन 'पप्पा' लिहिलं होतं. पाण्याचं प्रमाण तेच, पानांचं तेच. 'कौलावर काहीही दिसलं, क्षार वाटले तरी, मला फोन.' आणि खाली, वेगळ्या ओळीत: 'सकरचं खाणं पप्पांकडं. रोज संध्याकाळी काकडी, पोटभर. आधी पन्नास प्रश्न सोडवून घ्यायचे नाहीत.'

मी ती ओळ उभ्या उभ्या किती तरी वेळ वाचली. मग पिशवी घेतली आणि बाजारात काकडी आणायला गेलो.